गाडीचं ट्यूनिंग: रिमॅप, पिगीबॅक का स्टँडअलोन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, वर्धा, सगळीकडून पोरं तेच तेच प्रश्न पाठवून राहिले, कोणी रात्री अकराला व्हॉइस नोट टाकते कोणी नुसता स्पीडोमीटरचा फोटो टाकून "दादा काय करू" म्हणते, म्हणून एका जागी लिहून टाकतो. पुण्या-मुंबईसाठी लिहिलेलं वाचून इकडे चालत नाही, आपलं ऊन वेगळं, पंप वेगळे, अन गाडी बंद पडली तं ट्यूनर चार जिल्हे दूर. आधी वाचा, मग मेसेज करा.

१. ईसीयू म्हणजे नेमकं काय भाऊ, अन ट्यूनिंगमध्ये त्यात काय बदलतात?

ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. हवा किती आली, पाणी किती तापलं, ॲक्सिलरेटर किती दाबला, क्रँक कुठे आहे हे सेन्सरकडून घेते अन ठरवते की इंधन किती सोडायचं, कधी सोडायचं, पेट्रोल गाडीत ठिणगी केव्हा टाकायची, टर्बो असला तर बूस्ट किती, म्हणजे टर्बोने हवा किती दाबून आत भरायची. हे सगळं तक्त्यांमध्ये भरलेलं असते, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड म्हणजे इंजिनवरचा भार, त्यालाच मॅप म्हणतात. कंपनीला तोच मॅप लेहपासून राजस्थानपर्यंत चालवायचा असते, भेसळीचं पेट्रोल अन वर्षभर सर्व्हिस न करणारा मालक हेही धरावे लागतात, वरून प्रदूषणाचे नियम. म्हणून थोडी जागा राखून ठेवलेली असते. ट्यूनिंग म्हणजे ती राखीव जागा वापरणं. एकदा वापरली की ती शिल्लक राहत नाही, हे मात्र विकणारा सांगत नाही.

२. माझ्या गाडीत ईसीयू आहे की नाही कसं समजेल?

कार्ब्युरेटरची मारुती ८००, जुनी कार्ब जिप्सी, मेकॅनिकल पंपाची जुनी डीआय बोलेरो किंवा कमांडर, यात रिमॅप करायला काहीच नाही. तिथे जेट, पंप, टायमिंग, आपला जुना मिस्त्रीच बरा. गाडीवर एमपीएफआय, सीआरडीआय, डीडीआयएस, टीएसआय असं काही लिहिलं असलं अन चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा लाइट लागत असला तर ईसीयू आहे.

३. पर्याय किती आहेत? एका दमात सांगा.

रिमॅप म्हणजे कंपनीच्याच ईसीयूमधली फाइल काढून, बदलून परत टाकणं. पिगीबॅक म्हणजे सेन्सर अन ईसीयूच्या मधात एक डबा बसवणं, जो मालकाला खोटा हिशोब दाखवणाऱ्या मुनिमासारखा ईसीयूला चुकीचे आकडे देते अन आपलं काम काढून घेते. स्टँडअलोन म्हणजे जुना ईसीयू काढून स्वतःचा नवा, वायरिंगसकट. अन चौथा पर्याय म्हणजे काहीच न करता प्लग, इंजेक्टर, फिल्टर, क्लच, टायर नीट करून घेणं. मला येणाऱ्या मेसेजपैकी बहुतेकांचं काम या चौथ्यातच होते, पण ते ऐकायचं नसते कोणाला.

४. रिमॅपने किती फरक पडते?

टर्बो आहे की नाही, त्यावर सगळं. बिनटर्बोच्या १.२ लिटर पेट्रोल गाडीत पाच-सात टक्के मिळाले तरी चांगलं समजा, थ्रॉटल जरा चपळ वाटते अन लोक त्यालाच पॉवर म्हणतात. टर्बो डिझेलमध्ये खेळ वेगळा: स्विफ्ट डीडीआयएसमधलं १.३ मल्टीजेट ७५ पीएस (पॉवर) अन १९० एनएमचं (टॉर्क, म्हणजे ओढ), ते रिमॅपवर ९०-९५ पीएसपर्यंत आरामात जाते, अन खरी मजा पीएसची नाही, दोन हजार आरपीएमच्या आसपासच्या टॉर्कची असते. त्याची किंमत क्लच मोजते, ते प्रश्न ९ मध्ये.

५. ऑनलाइन हजार-दीड हजाराची चिप मिळून राहिली, ओबीडीत (स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटात) खोचायची, ॲव्हरेज पण वाढते म्हणतात. घेऊ?

नका घेऊ. त्यातल्या बहुतेकांत दोन-तीन एलईडी अन एक साधा सर्किट बोर्ड असते, लाइट लुकलुकते, बस. खरा पिगीबॅक ओबीडीत नाही, सेन्सरच्या किंवा इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये बसते. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक त्यातला, बाइकवाल्यांमध्ये जास्त चालते. पिगीबॅकची चांगली गोष्ट म्हणजे सर्व्हिसच्या आधी काढून ठेवता येते. वाईट गोष्ट अशी की ईसीयू आंधळा नाही, हळू चालवताना तो ऑक्सिजन सेन्सर पाहून तुमची फसवणूक पकडते अन इंधन परत पहिल्यासारखं करून टाकते. म्हणून साधे डबे फक्त फुल थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, काही करू शकतात, त्यातही ठिणगीचं टायमिंग हातात नसेल तर अर्धंच काम.

६. मोठा फिल्टर अन फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, आता रिमॅप करावाच लागेल का?

गाडी मॅप सेन्सरवर (वरचा तक्त्यांचा मॅप नाही, हा इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजते) चालत असेल तर बहुतेक वेळा नाही, एवढा फरक ईसीयू स्वतः सांभाळून घेते. मास एअरफ्लो सेन्सर (एमएएफ, हवा किती आली ते मोजणारा) असेल तर जरा जपा: तेल लावलेला कॉटन फिल्टर इकडच्या धुळीत लोक जास्त तेल घालून बसवतात, ते तेल उडून सेन्सरच्या गरम तारेवर बसते, तारेवर धूळ चिकटते अन मग पिकअप गेला म्हणून रिमॅपची चौकशी. आधी एमएएफ क्लीनरचा स्प्रे मारून पाहा, कार्ब क्लीनर नाही. अन राजेहो, बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला तर तो इंजिनची गरम हवाच ओढते, त्याचं काय होते ते पुढच्या प्रश्नात.

७. ट्यूनर म्हणते मॅप एकदम सेफ आहे. पण आपल्या उन्हाळ्यात चालेल का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, अन हाच सगळ्यात कमी लोक विचारतात.

२५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीची हवा वजनाने साधारण सहा टक्के हलकी असते. हवा कमी म्हणून इंधन कमी, म्हणून पॉवर कमी, इथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडते ते गरम हवेने होणाऱ्या नॉकिंगमुळे: ठिणगीने पेटलेल्या ज्योतीची वाट न पाहता उरलेलं मिश्रण स्वतःच पेटते, टकटक आवाज येते अन पिस्टनवर हातोडे बसतात. ट्यूनरने गाडी डिसेंबरात, बॉनेट उघडं ठेवून, समोर मोठा पंखा लावून ट्यून केलेली असते. तीच गाडी तुम्ही मे महिन्यात दुपारी तीन वाजता वणी-चंद्रपूर रोडवर कोळशाच्या ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवता, फाटकावर उभी करता, अन आत जाणारी हवा बाहेरच्या ४५ ऐवजी साठच्या वर गेलेली असते. फाटक उघडलं की ट्रक ओव्हरटेक करायला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबता. टकटक येते ती नेमकी तेव्हा, कमी आरपीएम अन पूर्ण लोडवर, टॉप स्पीडला नाही.

म्हणून ट्यूनरला एवढं विचारा: आत येणाऱ्या हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेण्याचा तक्ता तू हात न लावता ठेवला की सपाट केला? काहीजण आकडे फुगवायला तो सपाट करतात. उत्तर द्यायला टाळाटाळ केली की समजून जा. अन मॅप हिवाळ्यात केला असेल तर मे महिन्यात दुपारी एक लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढून त्याला पाठवायचंच, आधीच ठरवून घ्या की त्या दुरुस्तीचे पैसे वेगळे लागणार नाहीत.

ट्यूनिंगच्या आधी रेडिएटर पाहा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळून जाणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सर अन रेडिएटरच्या मधात कापसाचा अन धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला असते, समोरून दिसत नाही. दोन्ही वेगळे करून आतून बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने धुवा, वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनने फिन झोपतात.

८. गावच्या पंपावर साधं पेट्रोलच मिळते, वरून आता २० टक्के इथेनॉल. मॅप कोणत्या पेट्रोलवर करू?

जे तुम्ही महिन्याचे तीस दिवस भरता त्यावर. एक्सपी९५ सारखं जास्त ऑक्टेनचं (नॉकिंगला जास्त टिकणारं) पेट्रोल नागपुरात भरून तिथेच ट्यून करून आलात अन नंतर दारव्ह्याच्या पंपावर साधं भरलं तर तो मॅप तुमच्या गाडीचा राहिलाच नाही.

इथेनॉलचं गणित असं. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, म्हणून ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडा लागते. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेते, पण फुल थ्रॉटलवर बऱ्याच गाड्या सेन्सरचं न ऐकता थेट तक्त्यावर चालतात, तिथे जुना मॅप असला की मिश्रण पातळ होते. जुन्या एमपीएफआय गाड्या ट्यून करताना ही जागा मुद्दाम पाहून घ्या. दुसरी बाजू म्हणजे इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं असते, नॉकिंगला ते मदतच करते. ॲव्हरेज थोडा कमी होईल, त्याला मॅप काही करू शकत नाही कारण इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जाच कमी असते. जुने रबरी पाइप अन सील बदला, अन पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढते.

९. डिझेल गाडी रिमॅप केली, आता काळा धूर येऊन राहिला अन चौथ्या गिअरमध्ये आरपीएम वाढते पण गाडी पळत नाही. काहून?

दोन वेगळे आजार आहेत. आरपीएम वाढून गाडी न पळणं म्हणजे क्लच घसरून राहिला, टॉर्क वाढला ते त्याला झेपत नाही. नवा क्लच टाका, नाही तर ट्यूनरला कमी आरपीएमवरचा टॉर्क कापायला सांगा, मी तर दुसरंच सुचवतो, त्याने गिअरबॉक्स अन ड्राइव्ह शाफ्टही वाचतात. काळा धूर म्हणजे हवेपेक्षा डिझेल जास्त. काही पोरांना तो धूरच आवडते, मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर सोडला की मर्दानगी वाटते. पण तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, वाया गेलेले पैसे, अन एक्झॉस्टचं तापमान साडेसातशे-आठशे डिग्रीच्या वर सतत राहिलं तर आधी टर्बो जाते मग पिस्टन. चांगल्या डिझेल मॅपमध्ये धूर जवळपास दिसत नाही. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) पाइप फाटला असेल तरी हेच दिसते, म्हणून ट्यूनरशी भांडायच्या आधी साबणाचं पाणी लावून पाइप तपासा.

१०. स्टँडअलोन कधी घ्यावा? जिप्सीत मोठं इंजिन टाकून टर्बो लावायचा विचार आहे.

आता खरा विषय आला. कंपनीच्या ईसीयूला जे इंजिन माहीतच नाही ते चालवायचं असेल, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनला टर्बो, बदललेले कॅम, दुप्पट मोठे इंजेक्टर, कार्बवाल्या इंजिनला इंजेक्शन, तेव्हाच स्टँडअलोन. हॉल्टेक, लिंक, मोटेक हे तयार माल, भरवशाचे, पण ईसीयू, वायरिंग, सेन्सर अन ट्यूनिंग मिळून हिशोब लाखांत जाते. मेगास्क्वर्ट अन अर्डुइनो मेगावर चालणारा स्पीड्युइनो हे स्वतः जोडायचे, स्वस्त, पण त्यात तुमचा वेळ लागते अन सोल्डरिंग यायलाच पाहिजे.

विकत काय घेतलं यापेक्षा वायरिंग कसं केलं यावर गाडी चालते. सगळ्या सेन्सरचं अर्थिंग ईसीयूच्याच सेन्सर ग्राउंडला, अन ईसीयूचं अर्थिंग इंजिन ब्लॉकला, बॉडीच्या रंगलेल्या पत्र्याला नाही. क्रँक सेन्सरची वायर शिल्ड असलेली, इग्निशन कॉइलपासून दूर. अन ज्या गोष्टीत अर्धे लोक अडकतात ती म्हणजे दोन वायरच्या मॅग्नेटिक क्रँक सेन्सरची पोलॅरिटी: उलटी लागली तरी इंजिन चालू होते, बरं चालते, फक्त आरपीएम वाढला की टायमिंग सरकत जाते. म्हणून पहिलं काम, लॅपटॉपवर टायमिंग १० डिग्रीला बांधून ठेवायचं अन टायमिंग गन मारून पुलीवरच्या खुणेवर पाहायचं, हळूहळू तीन-चार हजार आरपीएमपर्यंत. खूण हलली तर पुढचं सगळं बंद, आधी ते. लॅपटॉप म्हणते १० अन क्रँकवर खरे १८ असले तर तुम्ही किती का शहाणा मॅप बनवा, पिस्टन फुटणारच.

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण आकड्यात सांगणारा) पाहिजेच, बॉश एलएसयू ४.९ बहुतेक ठिकाणी चालते. तो एक्झॉस्ट पाइपमध्ये वरच्या बाजूने तिरपा बसवा, खालून बसवला तर पाणी साचून मरते. अन ईसीयूचा डबा केबिनमध्ये, उंच जागी. गाडी गोठ्याजवळ किंवा कुटाराच्या ढिगाजवळ उभी राहत असेल तर उंदीर वायरिंगचा हार्नेस कुरतडतात, जाळीदार स्लीव्हवर समाधान मानू नका, पाइप टाका.

इंजिन बदलाची कागदपत्रं प्रश्न १४ मध्ये, ते वाचल्याशिवाय इंजिन विकत घेऊ नका.

११. बीएस६ गाडीत स्टँडअलोन बसते का?

रस्त्यावरच्या गाडीत डोक्याला ताप आहे. स्पीडोमीटर, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एसी, इमोबिलायझर सगळे एकमेकांशी कॅन लाइनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या सामाईक वायरवर) बोलतात, इंजिनचा ईसीयू काढला की अर्धी गाडी रुसते. अशा गाडीला रिमॅपच, अन तोही सोपा नाही, नवे बॉश ईसीयू कुलूपबंद येतात, ओबीडीतून फाइल निघत नाही, डबा काढून टेबलावर घेऊन करावं लागते.

१२. जवळ डायनो (पॉवर मोजायचं मशीन) नाही. रस्त्यावर किंवा ऑनलाइन ट्यून होते का?

होते, अन चांगलं होते, जर लॉग नीट काढला तर. ऑनलाइन ट्यूनर तुम्हाला फाइल पाठवते, तुम्ही लॉग पाठवता, असं तीन-चार वेळा चालते. लॉगमध्ये आरपीएम, हवेचं अन पाण्याचं तापमान, बूस्ट, ठिणगीचं टायमिंग, नॉक करेक्शन, फ्युएल ट्रिम अन शक्य असेल तर वाइडबँड. दोनशे रुपयांचा नकली ईएलएम३२७ (ओबीडीत खोचायचा रीडर) सेकंदाला एक-दोनच आकडे देते, त्यावर ट्यूनिंग म्हणजे अंदाजपंचे. एक जण चालवणार, दुसरा लॅपटॉप पाहणार, एकट्याने दोन्ही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून एक खेच पुरते. समृद्धीवर दोनशे मारून लॉग काढतो म्हणणाऱ्यांसाठी: तिथे कारची मर्यादा १२० आहे, अन उन्हाळ्यात त्या तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात.

१३. फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल टाकताना, ईसीयू मरते म्हणतात, खरं का?

खरं आहे, पण कारण बहुतेक वेळा बॅटरी असते. लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडला की फाइल अर्धवट राहते अन गाडी मुकी होते. चावी ऑन असली की रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकते, तेवढ्याने जुनी बॅटरी बसते. आपल्याकडे चार्जर लावून भरवसा नाही, लाइन कधी जाईल सांगता येत नाही. सोपा उपाय: ट्रॅक्टरची चांगली १२ व्होल्टची बॅटरी जंपर केबलने समांतर जोडून ठेवा, ट्रॅक्टर बंद. लॅपटॉप पूर्ण चार्ज, वायफाय बंद, विंडोजचं अपडेट बंद. अन सुरू करायच्या आधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत तुमच्याकडे, ट्यूनर नाही म्हणाला तर तिथून उठा. काही दुकानांत रीडिंग टूलच नकली असतात, त्यांनीच जास्त ईसीयू मारले आहेत.

१४. आरटीओ, पीयूसी, इन्शुरन्स, वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, नंतर नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, "सॉफ्टवेअरमध्ये बंद करून देतो" म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांचं नाव आरसीवर नाही, तुमचं आहे. रिमॅप डोळ्याला दिसत नाही म्हणून चालून जाते, पण कंपनी वॉरंटी नाकारू शकते अन न कळवलेला बदल निघाला तर इन्शुरन्सवालाही क्लेम अडवू शकते. हप्ते चालू असलेल्या गाडीला मी कोणालाच हो म्हणत नाही.

१५. सीएनजी किट आहे, त्यावर रिमॅप केला तर?

सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या इंजेक्टरचा वेळ उसना घेऊन गॅसचा हिशोब करते. पेट्रोलचा मॅप बदलला की गॅसचाही बिघडते, म्हणून रिमॅपनंतर किटचं कॅलिब्रेशन परत करून घ्या. फक्त सीएनजीवरचा दम वाढवायचा असेल तर रिमॅपऐवजी टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर पाहा: गॅस हळू जळते, ठिणगी थोडी आधी लागते, ते काम तो डबा करते अन पेट्रोलला हात लागत नाही.

१६. आमची जिप्सी मोहर्लीला सफारीत चालते. जरा दम यावा म्हणून काय करू?

रिमॅप नको. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सहा-सहा माणसं घेऊन रांगणाऱ्या गाडीला वरची पॉवर काय कामाची? थ्रॉटल बॉडी साफ, इंजेक्टर साफ, मॅप सेन्सरची बारीक रबरी नळी बदला, तीच चिरलेली असते, अन थर्मोस्टॅट काढून फेकला असेल तर परत बसवा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढतात, मग सकाळच्या फेरीत इंजिन गरमच होत नाही, ईसीयू थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहते.

१७. चिखलदऱ्याला चढलो की गाडी मरगळते. ट्यूनिंगचा दोष का?

बहुतेक नाही. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर, परतवाड्यापेक्षा हवा पातळ, बिनटर्बोची गाडी तिथे कमीच ओढणार. पण स्टँडअलोन असेल अन फक्त थ्रॉटलच्या कोनावर चालत असेल तर बॅरोमेट्रिक करेक्शन आहे का पाहा, नसेल तर वर गेल्यावर पेट्रोलचा वास अन काळे प्लग मिळतील.

१८. सर्व्हिसला दिली अन परत आली तर पिकअप गायब. काय झालं?

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सॉफ्टवेअर अपडेट मारलं, तुमची फाइल पुसली गेली. ट्यूनरकडून परत टाकून घ्या, पण जुनीच फाइल डोळे मिटून नाही, अपडेटने सॉफ्टवेअर नंबर बदललेला असू शकते. मित्राच्या गाडीची फाइल आपल्या गाडीत टाकू का, त्यालाही हेच उत्तर: मॉडेल एक असलं तरी हार्डवेअर अन सॉफ्टवेअर नंबर जुळत नसेल तर नाही.

१९. सेकंडहँड डिझेल घेऊन राहिलो. आधी कोणी रिमॅप केला असेल तर कसं ओळखू?

ईसीयूच्या डब्याचा जोड पाहा, कंपनीचा सीलंट एकसारखा असते, उघडून परत चिकटवलेला असला की वेगळ्या रंगाचं सिलिकॉन बाहेर आलेलं दिसते. ईजीआरच्या (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) फ्लँजमध्ये म्हणजे जोडात नवीन चकचकीत पत्र्याची प्लेट दिसली तर तो बंद केलेला आहे. टेस्ट ड्राइव्हमध्ये चौथ्या गिअरला दीड हजार आरपीएमवरून पूर्ण दाबा, क्लच घसरला तर एवढ्यावरूनच भाव कमी करायला सांगा. अन शंभर टक्के खात्री पाहिजे असेल तर चांगल्या ट्यूनरकडून फाइल वाचून मूळ फाइलशी ताडून घ्या, त्या तपासणीचे पैसे मालकाकडून कापून घ्यायला लाजू नका.